एकच फाईल की दोन? ऑनलाइन बांधकाम परवान्यात पुन्हा पुन्हा अडकणाऱ्या प्रस्तावाचं निदान

प्रस्ताव ऑनलाइन भरला, छाननी शुल्क भरलं, आणि तिसऱ्यांदा तीच त्रुटी आली: भूखंडाचं क्षेत्र जुळत नाही. किंवा ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये पास झालं आणि टेबलावर मात्र शेरा पडला की याच मिळकतीवर आधी एक मंजुरी आहे. किंवा पुढची इमारत राहायला तयार आहे, पण भोगवटा (वापर सुरू करण्याची परवानगी) मिळत नाही, कारण त्याच फाईलमधल्या मागच्या इमारतीचा पायाही खणलेला नाही.

तक्रारी तीन दिसतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं. दोन बांधकामं एका प्रस्तावात घालायची की वेगळी दाखल करायची, हे ड्रॉइंगला हात लावण्याआधी ठरायला हवं होतं. ते कुणी ठरवलंच नाही. घरात भाऊ दोन म्हणून फाईल दोन, किंवा फी एकदाच भरावी लागेल म्हणून फाईल एक, अशा हिशेबावर काम पुढे जातं आणि दुखणं नंतर निघतं.

इथे विचार कोल्हापूर शहर आणि भोवतालच्या हद्दीचा केला आहे. नियम डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे, म्हणजे सगळे ज्याला यूडीसीपीआर म्हणतात तिचे. पोर्टलवरच्या बटणांची नावं आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे त्यांच्यापेक्षा बटणामागचं कारण समजून घेतलेलं बरं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतल्या शहरांची माहिती पुढे येते. तिथे बांधकाम, वीज, नळकाम, वातानुकूलन यांचे परवाने वेगळे असतात आणि छोट्या घरासाठी ते एकत्र मागण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. तो सल्ला इथे उपयोगाचा नाही. आपल्याकडे नगररचनेच्या अर्जात वीज किंवा नळाचा परवाना नसतोच. ‘एकत्रित की स्वतंत्र’ हा प्रश्न आपल्याकडे जमीन, इमारती आणि टप्पे यांच्याबद्दल पडतो.

निर्णय कशावरून घ्यायचा

इमारती किती आहेत यावरून नाही, मालक किती आहेत यावरूनही नाही. बघायची ती जमिनीची नोंद. एक प्रॉपर्टी कार्ड किंवा एक मंजूर प्लॉट म्हणजे एक हिशेब. एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), पार्किंग, खुली जागा, पोच रस्ता, सगळं त्या एका हिशेबात बसवायचं. नोंद एक असताना फाईल दोन केल्या तर तीच जमीन दोनदा मोजली जाते. नोंदी दोन असताना फाईल एक केली तर मधली हद्द रेषेसारखी आडवी येते आणि इमारत तिच्यावर बसलेली दिसते.

नोंद म्हणजे कोणती, इथेच पहिली चूक होते. शहरात सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि वॉर्ड, उपनगरात रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) आणि प्लॉट नंबर, खेड्यात गट नंबर. नोंदणीकृत वाटणीपत्र केलं, सातबाऱ्यावर दोघांची नावं वेगळ्या क्षेत्रासह चढली, तरी नियोजनाच्या दृष्टीने जमीन विभागली गेली असं होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीची विभागणी येते. म्हणून तिलाही स्वतंत्र मंजुरी लागते. वाटणीपत्र भावकीत चालतं, नगररचनेत मंजूर विभागणी नकाशा चालतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

दाट वस्तीबाहेर सहा गुंठ्यांचा प्लॉट आहे. नेमकं क्षेत्र ६०७ चौ.मी., हिशेबाला ६०० धरू. रस्त्याकडची बाजू २० मीटर, खोली ३० मीटर. दोन भाऊ, प्रत्येकाला सुमारे ४०० चौ.मी. बांधकाम हवं.

मूळ एफएसआय १.१० धरला तर या प्लॉटवर ६६० चौ.मी. बसतात. निवासी वापरासाठी त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, ज्याला अॅन्सिलरी म्हणतात, अधिमूल्य (प्रीमियम) भरून घेता येतं. म्हणजे ६६० अधिक ३९६, एकूण १,०५६. दोघांचे मिळून ८०० यात आरामात बसतात.

आता चुकीचा रस्ता बघा. थोरल्याने एकट्याने फाईल केली. भूखंड ६००, बांधकाम ४००, सगळं मूळ एफएसआयमध्ये, अधिमूल्य शून्य. मंजूर. दोन वर्षांनी धाकट्याने नवी फाईल केली, पुन्हा भूखंड ६००, बांधकाम ४००. ड्रॉइंग तपासणारं सॉफ्टवेअर त्याला जे दाखवलं तेवढंच बघतं. ४०० हे ६६० च्या आत आहेत, पास. पण स्थळपाहणीत पुढच्या बाजूला उभं घर दिसतं. टेबलावर शेरा पडतो आणि उरलेलं मूळ क्षेत्र निघतं फक्त २६०. म्हणजे धाकट्याच्या वाट्याला एकट्यालाच अधिमूल्य. भावाभावांत वाद सुरू होतो तो इथून, आणि त्याला पोर्टल कारणीभूत नसतं.

दुरुस्ती अशी: दुसरी फाईल ‘मोकळ्या प्लॉटवर नवीन इमारत’ म्हणून करायची नाही. त्याच मंजुरीचा सुधारित प्रस्ताव म्हणून किंवा विद्यमान बांधकामात वाढ म्हणून करायची. थोरल्याचं घर नकाशात निळ्या रंगात विद्यमान दाखवायचं, नवं काम लाल रंगात, आणि क्षेत्रविवरणात दोन्ही बेरजेला धरायची. अर्जावर दोघांच्याही सह्या, कारण जमीन अजून सामाईक आहे.

थोरल्याने सुरुवातीलाच एकत्रित प्रस्ताव केला असता तर? ८०० चं विभाजन मूळ ५०० आणि पूरक ३०० असं दाखवता आलं असतं, किंवा मूळ ६६० आणि पूरक १४०. दुसऱ्यात अधिमूल्य कमी, म्हणून तेच घ्यायचं, आणि ते कुणी किती भरायचं ते आधीच लिहून ठेवायचं.

आणि स्वतंत्रच हवं असेल तर? आधी विभागणी. ६०० चे ३०० आणि ३००. प्रत्येकी मूळ ३३० आणि पूरकासह ५२८ पर्यंत. दोघांनाही ४०० मिळतात. पण आता प्रत्येक प्लॉटची रुंदी १० मीटर झाली. समजा दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचं ठरलं, तर घराला ७ मीटर उरतात, आणि दोन घरांच्या मध्ये तीन मीटरचा बोळ विनाकारण जातो. अशा वेळी जोडघर, म्हणजे मधल्या हद्दीवर भिंतीला भिंत, हा पर्याय विभागणी नकाशातच मागून घ्यावा. नंतर मागितला तर शेजारचा भाऊ शेजारचा मालक झालेला असतो. आडवी विभागणी, पुढचा आणि मागचा असे दोन प्लॉट, बहुधा टाळावी, कारण मागच्याला पोच रस्ता द्यावा लागतो आणि तो पुढच्याच्या जमिनीतून जातो.

तीनशे चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटचा आणखी एक फायदा आहे. नियमावलीतल्या जोखीम-आधारित वर्गवारीत १५० चौ.मी.पर्यंतचे भूखंड कमी जोखमीचे आणि त्यापुढे ३०० पर्यंतचे मध्यम जोखमीचे धरले जातात. त्यांची प्रक्रिया सुटसुटीत आहे. सहाशेच्या एकत्रित फाईलला ती लागू होत नाही. मात्र या सोयीसाठी विभागणी करायची असेल तर विभागणीला लागणारा वेळही हिशेबात धरावा. मोजणीची तारीख मिळवणं हेच मोठं काम असतं.

‘क्षेत्र जुळत नाही’ ही त्रुटी पुन्हा पुन्हा येते तेव्हा

उताऱ्यावरचं क्षेत्र, मोजणी नकाशावरचं क्षेत्र आणि जागेवरच्या कुंपणातलं क्षेत्र, हे तीन आकडे क्वचितच सारखे असतात. एफएसआयला यांतलं सर्वांत कमी धरायचं. अर्जात एक, ड्रॉइंगमध्ये दुसरं आणि मालकी कागदात तिसरं असं ठेवलं की फाईल परत येणारच. ड्रॉइंगमधली भूखंडाची रेषा पूर्ण बंद नसली, कोपऱ्यात अर्धा सेंटिमीटर फट राहिली, तरी सॉफ्टवेअर क्षेत्र चुकीचं काढतं. दोन रेषा एकावर एक बसल्या असतील तरी तेच. ड्रॉइंग कोणत्या एककात काढलं आणि अर्जात कोणतं निवडलं हेही एकदा बघून घ्या.

एकत्रित प्रस्तावात याच त्रुटीचं वेगळं कारण असतं. दोन सि.स.नं. एकत्र घेतले, बेरीज बरोबर केली, पण एकत्रीकरण नकाशा जोडलाच नाही. राजारामपुरी, शाहूपुरीत ई वॉर्डातले शेजारशेजारचे दोन सि.स.नं. एकाच कुटुंबाने घेतलेले असतात. मालक एक म्हणून जमीन एक, असं गृहीत धरलं जातं. तसं नाही. एकत्रीकरण मागायचं, त्याच प्रस्तावात इमारतही दाखवता येते, पण भूखंडांची बाह्यरेषा एक आणि आतली जुनी हद्द रद्द होणारी अशी स्पष्ट दाखवावी लागते. मालक वेगळे असतील तर त्यांचे करार किंवा कुलमुखत्यारपत्र आधी. मंजुरी मिळाली की नगर भूमापन कार्यालयात जाऊन कार्डं एक करून घ्यायची. हे राहून गेलं की भोगवट्याच्या वेळी आठवतं.

एकीमुळे सगळ्या अडल्या

एकत्रित प्रस्तावाचं हे सर्वांत मोठं दुखणं. चार इमारतींच्या फाईलमध्ये तीन इमारतींना काहीही अडचण नाही, चौथ्या इमारतीचा एक दाखला बाकी. फाईल एकच, म्हणून थांबतात चारही.

कायद्यातलं गणितही असंच आहे. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांची मुदत आहे, पण ती अर्ज मिळाल्यापासून किंवा मागवलेल्या माहितीला अर्जदाराने उत्तर दिल्यापासून, यांपैकी जे नंतर असेल तिथून मोजतात. म्हणजे प्रत्येक त्रुटीच्या उत्तरानंतर घड्याळ पुन्हा शून्यावर. चार इमारतींच्या त्रुटी चार वेगळ्या वेळी निघाल्या तर सगळ्यांचं घड्याळ चारदा मागे जातं.

कोल्हापुरात यात पूररेषेचा भाग आला की फाईल खरी अवघड होते. नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, या भागांत २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात, नेहमीच्या पुराची निळी आणि मोठ्या पुराची लाल. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा निर्बंधित पट्टा. निर्बंधित पट्ट्यात बांधकाम करता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी. मोठा प्लॉट उताराचा असेल, वरच्या दोन इमारती लाल रेषेबाहेर आणि खालची एक आत, तर तिन्ही एका फाईलमध्ये घातल्या की पातळ्यांचा सगळा वाद वरच्या दोन इमारतींनाही चिकटतो. इथे टप्पे करावेत. वरच्या भागाची मंजुरी आधी घ्यावी, पण नकाशात पूर्ण प्लॉट, दोन्ही पूररेषा आणि खालच्या इमारतीची भावी जागा दाखवून. खालची नंतर सुधारित प्रस्तावात. पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या संदर्भाने लिहा, ‘रस्त्यापासून अमुक फूट’ असं लिहिलं की पुन्हा विचारणा होते.

उजळाईवाडी विमानतळाच्या परिसरात उंचीचा ना-हरकत दाखला हाच प्रकार करतो. तिथे दाखला इमारतीच्या अक्षांश-रेखांशांवर आणि वरच्या टोकाच्या पातळीवर बेतलेला असतो. इमारत पाच मीटर सरकवली तर दाखल्यावरची जागा आणि नकाशातली जागा वेगळी दिसते. एकत्रित प्रस्तावात इमारती नंतर हलवण्याची सवय असते, ती इथे महागात पडते.

याच्या उलट एक सावधगिरी: परवाने टाळण्यासाठी तुकडे करू नयेत. बांधकाम क्षेत्र २०,००० चौ.मी. झालं की पर्यावरण मंजुरी लागते. एकाच जागेवर, एकाच विकासकाचे, सामाईक रस्ता आणि सांडपाणी व्यवस्था असलेले ११,००० आणि १२,००० चे दोन प्रस्ताव वेगळे दाखवले म्हणून ती टळत नाही. दोन्ही एकत्र धरले जातात, आणि तोवर काम सुरू झालेलं असेल तर प्रकरण नगररचनेच्या हाताबाहेर जातं.

रेखांकन आणि इमारत एकाच दमात

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव या बाजूंना शेतजमिनीवर प्लॉट पाडून लगेच घरांचे परवाने मागणं नेहमीचं आहे. हे भाग २०१७ मध्ये स्थापन झालेल्या, ४२ गावांच्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. महापालिकेच्या खात्यात लॉगिन करून इथला प्रस्ताव भरला की तो चुकीच्या टेबलावर जातो, एवढीच एक चूक आठवडे खाते. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या प्लॉटसाठी तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच आहे, तिची नियमावली आणि ऑनलाइन व्यवस्था दोन्ही वेगळ्या. प्लॉट कुणाच्या हद्दीत, हे पहिलं, बाकी नंतर.

रेखांकनाचं, म्हणजे प्लॉट पाडण्याचं, काम दोन पायऱ्यांत चालतं. आधी तात्पुरती मंजुरी, मग जागेवर सीमांकन आणि भूमी अभिलेखाची मोजणी, मग अंतिम मंजुरी. तात्पुरत्या मंजुरीतल्या प्लॉट नंबर ७ वर घराचा प्रस्ताव टाकला तर तो परत येतो, कारण प्लॉट नंबर ७ अजून कागदोपत्री जन्मालाच आलेला नाही. मोजणीत रस्ता सरकतो, खुल्या जागेचा आकार बदलतो, आणि सात नंबरचं क्षेत्र २१० वरून २०४ होतं. चार हजार चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, हे क्षेत्र अंतिम होईपर्यंत बाकीचे प्लॉट हलतच राहतात.

अपवाद गृहसंकुलाचा. प्लॉट विकायचे नाहीत, जमीन एकसंध राहणार आणि त्यावर अनेक इमारती, अशा योजनेत रेखांकन आणि इमारती एकाच प्रस्तावात मंजूर होतात. प्लॉट म्हणून विकायचे की घरं म्हणून, हे मालकाने आधी सांगावं. अर्धे प्लॉट आणि अर्धी घरं असं ठरवलं असेल तर आधी दोन भागांची विभागणी, मग एका भागाचं रेखांकन आणि दुसऱ्याचं गृहसंकुल.

गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी पाडून विकलेला, प्लॉट असेल तर यातलं काहीच आधी करू नका. नियमितीकरण आधी, ती फाईल वेगळीच. त्यानंतरच बांधकाम.

जुना वाडा पाडून नवं बांधायचं

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत हा प्रश्न रोजचा. पाडणं हाही कायद्याच्या व्याख्येत ‘विकास’च आहे. म्हणून नुसता पाडण्याचा वेगळा अर्ज आणि मग बांधण्याचा, असं करावं का? वाडा मोकळा असेल, भाडेकरू नसतील, तर एकच प्रस्ताव पुरे. जुनं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेषांनी पाडावयाचं म्हणून दाखवायचं, नवं लालने. पिवळं दाखवायचं विसरलं की सॉफ्टवेअर जुनं बांधकाम राहणार असं समजून त्याचंही क्षेत्र मोजतं आणि एफएसआय ओलांडल्याचा शेरा येतो. गंमत म्हणजे मग लोक नवीन इमारत छोटी करत बसतात.

भाडेकरू असतील, इमारत मोडकळीला आली असेल आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस निघालेली असेल, तर पाडण्याचं प्रकरण त्याच्या वाटेने वेगळं जाऊ द्यावं. तिथे वाद न्यायालयात गेला तर बांधकामाची फाईल त्यात ओढली जाऊ नये. पाडण्याआधी भाडेकरूंच्या ताब्यातल्या क्षेत्राची नोंद आणि छायाचित्रं ठेवा. वाडा जमीनदोस्त झाल्यावर कुणाच्या ताब्यात किती होतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

मजला वाढवायचाय, अर्जाचा प्रकार कोणता?

भोगवटा मिळालेली इमारत असेल तर वाढीव बांधकाम. मंजुरी आहे पण भोगवटा घेतलेला नाही, तर सुधारित प्रस्ताव. हे दोन अदलाबदल केले की कागदपत्रांची यादीच चुकते. वाढीव कामात स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला खालच्या जुन्या बांधकामाचा भार सोसण्याच्या क्षमतेसह लागतो. सुधारितमध्ये जुनी मंजुरी, जुना नकाशा आणि काम कुठवर आलं ते दाखवावं लागतं. जुना नकाशा घरी सापडत नसेल तर आधी नक्कल मिळवा, त्याशिवाय निळं काय आणि लाल काय हे ठरत नाही. घरफाळ्याच्या पावतीवर असलेलं क्षेत्र मंजूर क्षेत्र समजू नका. घरफाळा अनधिकृत मजल्यालाही लागतो.

गिलावा, रंगकाम, फरशी बदलणं यांना परवानगी लागत नाही. ती कामं प्रस्तावात घालून प्रस्ताव मोठा करू नका.

सदनिका विकणार असाल तर

पाचशे चौ.मी.पेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असं दोन्ही असलं की महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी येते. तिथे टप्पे वेगळे नोंदवता येतात. नगररचनेची एकच मंजुरी आणि महारेरात तीन टप्पे, हे चालतं. अडचण येते ती नंतर. नोंदणी झाली, सदनिका विकल्या, आणि मग तिसऱ्या इमारतीचा आराखडा बदलायचा म्हटलं तर दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. पहिल्या दोन इमारतींतल्या लोकांना तिसरीत रस नसतो, असला तर तिची उंची कमी करण्यात असतो. म्हणून तिसऱ्या इमारतीबद्दल मनात अजून ठरलेलं नसेल, तर ती पहिल्या प्रस्तावात घालू नका. नुसती भावी विकासाची जागा म्हणून दाखवा आणि पहिल्या करारनाम्यात ते लिहा.

भोगवट्यासाठीही हाच विचार. एकत्रित मंजुरीत पूर्ण झालेल्या इमारतीला अंशतः भोगवटा घेता येतो, हमीपत्र द्यावं लागतं. पण ती इमारत स्वतःच्या पायावर उभी हवी: तिचं पार्किंग तिच्या आवारात, तिचा पोच रस्ता पूर्ण, पाण्याची टाकी आणि सांडपाणी जोडलेलं, तिच्या वाट्याची खुली जागा मोकळी. पहिल्या इमारतीचं पार्किंग तिसऱ्या इमारतीच्या तळघरात दाखवलं असेल तर अंशतः भोगवटा मागायला तोंड राहत नाही. नकाशा काढतानाच प्रत्येक इमारतीभोवती पेन्सिलने एक रेघ मारा आणि बघा, आज एवढंच बांधलं तर हे चालेल का.

दोन इमारतींमधलं अंतर उंच इमारतीला लागणाऱ्या सामासिक अंतराइतकं धरावं लागतं. तिसरी इमारत नंतर दोन मजले उंच झाली तर पहिलीजवळचं अंतर अपुरं पडतं, आणि पहिलीला भोगवटा मिळून गेलेला असतो. म्हणून सुरुवातीलाच तिसरीच्या संभाव्य कमाल उंचीवर अंतर ठेवा.

जे एकत्र होत नाहीच

लिफ्टची परवानगी विद्युत निरीक्षकांकडे, उभारणीची वेगळी आणि वापराची वेगळी. वीजजोडणी महावितरणकडे. नळ आणि ड्रेनेजची जोडणी महापालिकेच्या त्या त्या खात्याकडे. यांना बांधकाम परवान्याच्या फाईलमध्ये जागा नाही, नकाशात मात्र जागा हवी. लिफ्टचा खड्डा, ट्रान्सफॉर्मरची जागा आणि पाचशे चौ.मी.पासून पुढच्या भूखंडाला बंधनकारक असलेलं पर्जन्यजल संधारण मंजूर नकाशात नसेल तर नंतर त्यासाठी सुधारित प्रस्ताव करावा लागतो.

कामगार उपकर मात्र बांधकाम खर्चाच्या एक टक्का, आणि तो फाईल एक केली काय नि दोन केल्या काय, बेरजेला तेवढाच. छाननी शुल्क वाचवायला फाईल एक करण्यातही फार हशील नाही. एका चुकलेल्या सुधारित प्रस्तावात ती बचत जाते.

चुकीचा प्रकार निवडून झाला असेल तर

शुल्क भरायच्या आधी लक्षात आलं तर मसुदा टाकून द्या आणि नव्याने भरा, दुरुस्त करत बसू नका. जुन्या मसुद्यातली इमारतींची नावं आणि क्षेत्रं नव्या ड्रॉइंगशी जुळत नाहीत आणि ते शोधण्यात दिवस जातात. इमारतींची नावं अर्जात आणि ड्रॉइंगमध्ये अक्षरशः तीच हवीत. एकीकडे ‘इमारत ए’ आणि दुसरीकडे ‘ए विंग’ असं लिहिलं की यंत्राला त्या दोन वाटतात.

शुल्क भरून छाननी सुरू झाल्यावर सहसा अर्जाचा प्रकार बदलत नाही. तेव्हा त्रुटीला अर्धवट उत्तरं देत फाईल रेटू नका. लेखी पत्र देऊन प्रस्ताव मागे घ्या, त्याची पोच ठेवा, आणि नव्या अर्जासोबत ती जोडा, म्हणजे याच मिळकतीवर आधीचा प्रस्ताव प्रलंबित असल्याचा शेरा पडत नाही.

मंजुरी मिळाली आहे पण काम सुरू नाही, तेव्हा सर्वांत सोपं. सुधारित प्रस्तावात इमारत कमी करता येते किंवा टप्पे दाखवता येतात. इथे मुदतीकडे लक्ष ठेवा. प्रारंभ प्रमाणपत्राचं, म्हणजे बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीचं, दरवर्षी नूतनीकरण, एकूण चार वर्षं. मुदतीत काम सुरू झालं तर पुढे नूतनीकरणाची गरज राहत नाही, पण इमारतीच्या बाबतीत सुरू झालं म्हणजे जोत्यापर्यंत आलं, नुसता खड्डा नव्हे. प्रत्येक इमारतीचा जोते तपासणीचा दाखला वेगळा घेऊन ठेवा. चार इमारतींपैकी एकीचं जोतं झालं म्हणून चौघींचं काम सुरू झालं असं गृहीत धरू नका.

आणि थोरल्याचं घर उभं राहून गेलं, आता विभागणी हवी, अशी वेळ आली असेल तर आधी कागदावर दोन गोष्टी तपासा. नवी हद्द मारल्यावर उभ्या घराला तिच्यापासून पुरेसं सामासिक अंतर उरतं का. आणि त्याचं ४०० चं बांधकाम ३०० च्या प्लॉटवर बसतं का. मूळ ३३० मध्ये बसत नाही, पण ७० पूरक क्षेत्रात घेऊन त्याचं अधिमूल्य भरलं तर बसतं. ते अधिमूल्य विभागणीच्या प्रस्तावासोबतच भरायची तयारी ठेवा. हद्द अंतरात बसत नसेल तर ती सरळ न मारता घराच्या कडेने थोडी वळवून बघा, ३२० आणि २८० अशी. धाकट्याला २८० वर मूळ ३०८ आणि पूरकासह ४९२.८ पर्यंत जाता येतं, म्हणजे त्याचे ४०० तरीही होतात.